शाल-श्रीफळाआधी एक कागद

(सोसायटीच्या रौप्य महोत्सवी वर्षात १ मे २०२५ रोजी संध्याकाळी झालेल्या सभासद मेळाव्यातील भाषण. वक्ते आपले सभासद असून एका कारखान्याच्या कार्मिक विभागातून निवृत्त झाले आहेत. भाषण ध्वनिमुद्रणावरून उतरवून त्यांच्याकडून तपासून घेतले आहे. – संपादक मंडळ)



आज महाराष्ट्र दिन आहे आणि कामगार दिनही आहे. आपल्या सोसायटीला दोन्ही दिवस सारखेच आपले वाटावेत असे आहेत. २००० साली आपण सोसायटी नोंदवली तेव्हाची सभासदांची यादी परवा सचिवांनी मला दाखवली. कोणी वरठीच्या पोलाद कारखान्यात, कोणी जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत, कोणी तुमसरकडच्या खाणीत, कोणी राईस मिलमध्ये, काही शिक्षक, काही बँकेतले. बहुतेकांचे वय तेव्हा तीस ते चाळीसच्या मध्ये. त्यात पंचवीस मिळवा. म्हणजे हे वर्ष सोसायटीचे रौप्य महोत्सवी वर्ष आहे, तसेच आपल्यापैकी निम्म्या लोकांचे निवृत्तीचेही वर्ष आहे. गेल्या दोन वर्षांत या आवारात निरोप समारंभाचे इतके पेढे खाल्ले की माझी शुगर त्यानेच वाढली असावी. (हशा)

तर शुगरवरूनच विषयाला येतो. अध्यक्षांनी मला सांगितले, "तुम्ही कार्मिक विभागात होता, पीएफ-पेन्शनवर बोला." मी म्हटले, पीएफबद्दल सगळेच विचारतात. नोकरीच्या शेवटच्या सहा महिन्यांत माणसाला पीएफचा आकडा पाठ असतो. ग्रॅच्युइटीचा हिशेब तो बोटावर करतो. पण नोकरीत असताना जो दवाखाना होता त्याचे पुढे काय, हे फारसे कोणी विचारत नाही. म्हणून मी त्यावर बोलणार आहे.

आधी माझी चूक सांगतो, कारण त्याशिवाय मला हे बोलण्याचा अधिकार नाही.

२०१४ साली आमच्या कारखान्यातले एक ऑपरेटर निवृत्त झाले. नाव सांगत नाही. वीसेक वर्षांची नोकरी, आणि त्यातली बहुतेक वर्षे त्यांची ईएसआयची वर्गणी कापली गेलेली. निवृत्तीच्या दिवशी मीच त्यांचे कागद केले. पीएफचा फॉर्म, पेन्शनचा फॉर्म, ग्रॅच्युइटी, सगळ्यावर सह्या घेतल्या. मॅनेजर साहेबांनी शाल-श्रीफळ दिले. जाताना ते मला म्हणाले, "बाबूजी, आता ईएसआयचा दवाखाना बंद ना?" मी मान हलवली आणि म्हटलो, "नोकरी संपली की कार्ड संपते, काका." मला तसेच वाटत होते. नियम मी वाचलेला नव्हता. माझ्या आधीचे बाबू तेच सांगत, म्हणून मीही तेच सांगितले.

दोन वर्षांनी काकू अंगणात घसरल्या. खुब्याचे हाड मोडले. नागपूरला खाजगीत ऑपरेशन झाले. एक लाख ऐंशी हजार लागले. त्यासाठी त्यांनी गावाकडची धानाची एक बांधी विकली. ती बांधी त्यांच्या वडिलांनी राखलेली होती.

पुढे एका प्रशिक्षणाला मला पाठवले होते. तिथे ईएसआयच्या अधिकाऱ्यांनी निवृत्त विमाधारकाचा नियम वाचून दाखवला. केंद्रीय नियमांतला नियम ६१. किमान पाच वर्षे विमाधारक राहिलेला कामगार वयोमानाने निवृत्त झाला, किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली, तर तो आणि त्याची पत्नी, किंवा ती आणि तिचा पती, दोघांनाही पुढे वैद्यकीय लाभ सुरू ठेवता येतो. त्यासाठी वर्षाचे १२० रुपये एकरकमी आगाऊ भरायचे. महिन्याला नाही बरं का, वर्षाला. म्हणजे महिन्याला दहा रुपये.

मी त्या दिवशी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो आणि सांगितले की माझ्याकडून चूक झाली. मला वाटले, रागावतील. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "बाबूजी, एकशेवीस? इतक्याचा त मी महिन्याचा खर्रा खातो. मले कोनी सांगतलंच नाही."

आपण दोघे मिळून शाखा कार्यालयात गेलो, कागद दाखवले, भरणा केला. काकूंच्या बीपीच्या गोळ्या तेव्हापासून ईएसआयमधून मिळू लागल्या. पण गेलेली बांधी काही परत आली नाही. म्हणून ज्यांची निवृत्ती जवळ आली आहे त्या प्रत्येकाला मी हे सांगत सुटतो. घरचे म्हणतात, लग्नाच्या पंगतीत पण तुम्ही हेच सांगता. सांगतो.

आता जरा खोलात जाऊ. ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना. ही कोणाची मेहरबानी नाही. याची रचना आपल्या सोसायटीच्या सिंकिंग फंडासारखी आहे. दर महिन्याला प्रत्येकजण थोडे देतो, म्हणून एखाद्या वर्षी टाकी फुटली तर एकट्याच्या डोक्यावर येत नाही. ईएसआयमध्ये आज मालक पगाराच्या ३.२५ टक्के देतो आणि कामगार ०.७५ टक्के. जुलै २०१९ च्या आधी हे प्रमाण ४.७५ आणि १.७५ होते. २१,००० पगार असेल तर कामगाराच्या पगारातून १५७ रुपये ५० पैसे कापले जातात. ही कपात आपण वर्षानुवर्षे पाहतो, कुरकुरतोही. आणि निवृत्तीनंतर ज्या वयात दवाखाना खरा लागतो, त्या वयात वर्षाच्या १२० रुपयांसाठी हक्क सोडून देतो.

या योजनेला इतिहासही आहे. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४३ साली, प्राध्यापक बी. पी. आडारकर यांच्याकडे कारखाना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम दिले गेले. १९४४ मध्ये त्यांनी अहवाल दिला. त्या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. त्या अहवालाच्या पायावर १९४८ चा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. दोनच वर्षांनी, १९५४ मध्ये, बाबासाहेब आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे होते. ती निवडणूक ते हरले, हे आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या लोकांना आजही सलते. त्यांच्या खात्याच्या काळात पेरलेले जे हक्क आहेत, ते तरी आपण अज्ञानापायी गमावू नयेत.

आता प्रत्यक्ष काय करायचे, ते सांगतो.

पहिली गोष्ट. निवृत्तीच्या तीन महिने आधी आपला विमा क्रमांक, म्हणजे आयपी नंबर, शोधून ठेवा. जन्मतारीख आणि नाव आधारशी जुळते का ते बघा. आपल्याकडे कागदावर एकाचे "रामाजी" आणि दुसऱ्यावर "रामचंद्र" असते. ते जुळवायला कारखान्याचा शिक्का लागतो आणि तो शिक्का निवृत्तीनंतर मिळवणे म्हणजे उन्हाळ्यात वैनगंगेत पोहायला जागा शोधण्यासारखे आहे. पत्नीचे नाव कुटुंबाच्या तपशिलात आहे ना, हेही पाहा.

दुसरी गोष्ट. निवृत्तीचा दाखला मागून घ्या. त्यात नोकरी लागल्याची आणि सुटल्याची तारीख आणि "वयोमानानुसार निवृत्त" हे शब्द असले पाहिजेत. काही ठिकाणी ठेकेदार नुसते "काम सोडले" असे लिहून देतात. दोन्हींत फार फरक आहे. काम सोडणाऱ्याला हा नियम लागू होत नाही.

तिसरी गोष्ट. आपल्या भागाचे जे शाखा कार्यालय असेल तिथे १२० रुपये भरा, पावती घ्या आणि पावतीवरची मुदत संपण्याची तारीख घरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. हे नूतनीकरण कोणी आठवण करून देईल याची वाट बघू नका.

चौथी गोष्ट महिलांसाठी सांगतो, आणि भगिनींनी नीट ऐका. पती गेले तर कार्ड त्यांच्याबरोबर संपत नाही. भरलेल्या वर्षाची उरलेली मुदत पत्नीला मिळते आणि पुढे ती स्वतः भरणा करून लाभ चालू ठेवू शकते. आपल्याकडे तेराव्यानंतर सगळे कागद एका पिशवीत भरून पेटीत जातात. ती पिशवी उघडा. आणि पुरुष मंडळींना विनंती आहे, कार्ड कुठे ठेवले आहे ते आजच घरात सांगा.

पाचवी गोष्ट. मुलगा पुण्याला आहे आणि तुम्ही त्याच्याकडे राहायला निघालात, तर कार्ड इथेच टाकून जाऊ नका. दवाखाना बदलून घेता येतो.

एका गोष्टीवर बरेच लोक अडतात. काही जणांचा पगार शेवटच्या काही वर्षांत २१,००० च्या वर गेला. ही मर्यादा १ जानेवारी २०१७ पासूनची आहे. पगार वाढला म्हणून ते योजनेबाहेर गेले आणि निवृत्त होताना विमाधारक राहिले नाहीत. वीस वर्षे वर्गणी भरली आणि पगारवाढीनेच घात केला, असे झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये महामंडळाच्या बैठकीत अशा निवृत्तांनाही अटींसह वैद्यकीय लाभ देण्याचा निर्णय झाला. निवृत्तीच्या वेळचा पगार आणि नोकरीच्या तारखा यांच्या अटी आहेत. आपली केस बसते का, ते जुन्या पगारपत्रकांसह शाखेत जाऊन विचारा. "माझे तर कधीच बंद झाले" असे म्हणून घरी बसू नका.

आता कोणी म्हणेल, सरकारने पाच लाखांचे कार्ड दिले आहे, मग या १२० रुपयांची कटकट कशाला? प्रश्न बरोबर आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही ती खुली झाली आहे. गेल्या वर्षी २९ ऑक्टोबरला ७० वर्षांवरच्या सगळ्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झाले, त्यात उत्पन्नाची अट नाही. ज्यांची सत्तरी झाली आहे त्यांनी ते कार्ड काढलेच पाहिजे. वय आधारवरूनच मोजतात. आणि ईएसआय असलेल्यालाही हे कार्ड मिळते, दोन्हींत भांडण नाही.

पण या योजना मुख्यतः भरती झाल्यावर कामाला येतात. बीपी, शुगर, थायरॉइड, गुडघे, ही आपली रोजची मंडळी. यांच्यासाठी कोणी भरती होत नाही, पण दर महिन्याला मेडिकलचे बिल येते. ईएसआयमध्ये तपासणी, रक्त-लघवी आणि गोळ्या हे सगळे येते. मोठे काही निघाले तर नागपूरला सोमवारपेठेतल्या कामगार विमा रुग्णालयात किंवा पुढे पाठवतात. रांग आहे, कधी एखादी गोळी नसते, हे मी नाकारत नाही. माझ्या शेजारचे भाऊ म्हणतात, "तिथे अर्धा दिवस जाते." मी म्हणतो, निवृत्त माणसाजवळ अर्धा दिवस आहे, महिन्याचे दोन हजार नाहीत. आपल्यापैकी अनेकांची पीएफची पेन्शन किती आहे ते आपल्याला माहीत आहे. ईपीएस ९५ मध्ये किमान पेन्शन आजही १,००० रुपयेच आहे.

जे केंद्र सरकारच्या नोकरीतले आहेत, त्यांचे गणित वेगळे. ऑर्डनन्स फॅक्टरीतल्या मित्रांना १ ऑक्टोबर २०२१ ला फॅक्टरी कंपनीत गेल्यापासून धास्ती आहे की आपले काय होईल. केंद्राच्या पेन्शनरला सीजीएचएसचे कार्ड घेता येते, जरी तो नोकरीत असताना त्या योजनेत नव्हता तरी. वर्गणी वेतनस्तराप्रमाणे महिन्याला २५०, ४५०, ६५० किंवा १,००० रुपये आहे. दर वर्षी भरा, नाहीतर दहा वर्षांची एकदम भरून आयुष्यभराचे कार्ड घ्या. म्हणजे २५० वाल्याला ३०,००० रुपये. भंडाऱ्यात सीजीएचएसचा दवाखाना नाही, नागपूरला आहे, साठेक किलोमीटर. म्हणून काही लोक कार्ड न घेता फक्त महिन्याचा १,००० रुपये वैद्यकीय भत्ता घेतात आणि खूश असतात. त्यांना माहीत नसते की सीजीएचएसच्या हद्दीबाहेर राहणारा पेन्शनर बाहेरच्या औषधांसाठी भत्ता आणि भरतीसाठी कार्ड, असे दोन्ही घेऊ शकतो. हा पर्याय लिहून द्यावा लागतो. मात्र सत्तरीनंतर आयुष्मान आणि सीजीएचएस यांतले एकच निवडावे लागते. निवडताना घाई करू नका. माजी सैनिकांना ईसीएचएस आहे, तिथेही हीच निवड करावी लागते.

ज्यांच्या कंपनीत गट विमा आहे, म्हणजे ग्रुप मेडिक्लेम, त्यांनी लक्षात ठेवा की तो शेवटच्या पगाराबरोबर थांबतो. तो चालू असतानाच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज करा. एकदा खंड पडला की जुन्या आजारासाठी पुन्हा थांबायला लावतात. ही मुदत आता जास्तीत जास्त तीन वर्षांची आहे, पण साठाव्या वर्षी तीन वर्षे म्हणजे काय ते सांगायला नको. एप्रिल २०२४ पासून ६५ वर्षांवरच्यांनाही नवी पॉलिसी घेता येते, हे खरे. हप्ता मात्र पचवता आला पाहिजे.

शेवटी एक आणखी. आपल्या सोसायटीत आता सात-आठ घरांची मुले परदेशात आहेत. आई-वडील सहा महिने तिकडे, सहा महिने इकडे. इथले कुठलेच कार्ड तिकडच्या दवाखान्यात चालत नाही. निघण्याआधी प्रवासाचा विमा काढा, आणि त्यात जुना आजार धरला आहे का ते वाचा. कायमचे जायचे ठरवलेल्यांनी तर जास्तच विचार करावा. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्यांसाठी मेडिकेअर आहे, पण ग्रीन कार्ड घेऊन गेलेल्या आई-वडिलांना सलग पाच वर्षे तिथे राहिल्याशिवाय त्यात पैसे भरूनही शिरता येत नाही. तोपर्यंत मुलाच्या खिशावर भार. म्हणून तिकडे गेलात तरी इथले १२० रुपये भरत राहा. परत यायची वेळ बहुधा आजारपणातच येते, आणि तेव्हा इथले दार उघडे असलेले बरे.

आता सोसायटीसाठी माझी एक सूचना आहे, ती ठराव म्हणून मांडतो. आपल्या ऑफिसात मेंटेनन्सचे रजिस्टर आहे, गाड्यांचे आहे, पाण्याच्या टँकरचेसुद्धा आहे. एक वही निवृत्तीची ठेवू या. येत्या दोन वर्षांत कोण कोणत्या महिन्यात निवृत्त होणार, त्याला ईएसआय आहे की सीजीएचएस की गट विमा, एवढेच तीन रकाने. आणि एक चौथा रकाना, नूतनीकरणाची तारीख. तीन महिने आधी सचिवांनी एक चिठ्ठी द्यायची. ज्यांना ऑफिसात एकट्याने जायला संकोच वाटतो त्यांच्याबरोबर मी जाईन. माझ्याकडे वेळ आहे आणि माझे त्या खात्यात थोडे देणेही लागते.

ते काका गेल्या वर्षी वारले. त्यांच्या मुलाने मला तेराव्याच्या दिवशी बाजूला बोलावले आणि कार्डाची झेरॉक्स दाखवून विचारले, "काका, आता आईच्या नावाने पैसे कुठे भरायचे?" मी त्याला सोबत घेऊन गेलो. भरणा झाला. त्याला ते विचारायचे सुचले, कारण कार्ड कुठे आहे हे घरात सगळ्यांना माहीत होते. आपल्या प्रत्येक घरात एवढे झाले तरी माझे आजचे बोलणे वाया गेले नाही असे मी समजेन.

निरोप समारंभात शाल अंगावर पडते, नारळ हातात येतो, फोटो निघतो. त्या आधी साहेबांना एवढेच विचारा, "माझ्या दवाखान्याचा कागद कुठे आहे?" आणि उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.

पंचवीस वर्षे आपली सोसायटी टिकली, पन्नासाव्या वर्षी आपल्यापैकी जास्तीत जास्त लोक इथेच या आवारात, आपल्या पायांवर उभे राहून पेढे खाताना दिसोत, बिनसाखरेचे का होईना, अशी इच्छा व्यक्त करतो आणि माझे दोन शब्द संपवतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र!

(भाषणानंतर वक्त्यांनी मांडलेली निवृत्ती नोंदवहीची सूचना सभेने एकमताने मान्य केली. वही सचिवांच्या टेबलावर उपलब्ध आहे. – संपादक मंडळ)